आज्जीचं पेन्सिल पोर्ट्रेट, सुरकुत्यांसकट (कोल्हापूरचा अनुभव, जरा मोठा आहे)

आधीच सांगते, ज्या सरांकडून काढून घेतलं त्यांचं नाव आणि नंबर इथं देत नाहीये. त्यांनीच सांगितलंय की नेटवर टाकू नको, आहे तेवढं कामच मला उरकत नाही. मंगळवार पेठेत राहतात, शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, आता रिटायर आहेत, एवढं सांगितलं तरी कोल्हापुरातल्या लोकांनी चार ठिकाणी विचारलं की सापडतील. पण हे लिहिण्यामागं दुसरं कारण पण आहे, घरच्या म्हाताऱ्या माणसाचं पोर्ट्रेट कुणाकडूनही करून घेणार असाल तर काय बघायचं हे मला आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

तर झालं असं की आज्जीचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. तिची खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नाही, आधारवर १ जून आहे, त्या पिढीतल्या अर्ध्या गावाची तीच आहे. तिचा हिशोब वेगळा, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मोठे काका आठ महिन्यांचे होते आणि तिला बाविसावं का तेविसावं चालू होतं. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, त्यावरून आम्ही मागं मोजत गेलो आणि ८१ धरलं. साडी वगैरे ती कपाटात ठेवून देते म्हणून मी म्हटलं चित्र देऊ.

पहिल्यांदा चुकले ते ऑनलाइन ऑर्डर करून. १,४९९ रुपये, फोटो पाठवा, हाताने काढलेलं पेन्सिल स्केच घरपोच. नाव घेत नाही, असे पन्नास जण आहेत. नळकांड्यातून जे आलं ते बघून मला खरंच रडू आलं. डोळे आज्जीचे होते, बाकी चेहरा कुणातरी पन्नाशीच्या बाईचा. गाल गुळगुळीत, ओठ भरलेले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचं गोंदण गायब! कपाळावरचा एक ठिपका आणि हनुवटीवरचे तीन, ते त्यांना डाग वाटले असणार, पुसून टाकले. ते गोंदण तिच्या अंगावर ती सात वर्षांची असल्यापासून आहे, आम्ही लहानपणी तिच्या मांडीवर बसून ते ठिपके बोटानं मोजायचो, आणि कुठल्यातरी सॉफ्टवेअरनं एका सेकंदात ते काढून टाकले. हो सॉफ्टवेअरच, कारण मी कोपऱ्यात खोडरबर घासून बघितला तर काहीच निघालं नाही, पेन्सिलचं ग्राफाइट असतं तर रबरला काळं लागलंच असतं, हा नुसता प्रिंट होता. तक्रार केल्यावर पुढच्या ऑर्डरवर सूट मिळेल असा मेल आला. असो.

मग मैत्रिणीच्या वडिलांनी या सरांचं नाव सांगितलं. फोन केला तर पहिला प्रश्न, "आज्जी येऊ शकतात का?" मी म्हटलं फोटो आहेत भरपूर. तर म्हणाले, फोटोवरून मी करत नाही, माणूस समोर पाहिजे, दोन बैठका, दोन-दोन तासाच्या, रविवारी सकाळी. एथ्री साइज, ६,५०० रुपये, फ्रेम तुमची तुम्ही करायची. मला जास्त वाटले हे खरं आहे, आता वाटत नाहीत, का ते पुढं येईलच.

आज्जीला तयार करणं हे वेगळंच काम. "मला काय हिरोईन व्हायचंय व्हय? या सुरकुत्या कोण बघनार?" असं चाललेलं. आत्यानं तर मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांना सांग जरा वय कमी करून काढा, कार्यक्रमात चारशे माणूस बघणार. ते मी सरांना सांगितलंच नाही. जिना मात्र अवघड आहे तिथला, दुसरा मजला, लाकडी जिना, उंच पायऱ्या. आज्जीच्या गुडघ्यांना वीस मिनिटं लागली. ही मोठी अडचण आहे, ज्यांच्या घरचं माणूस जिना चढू शकत नाही त्यांच्या घरी ते येतात का हे आधीच विचारून घ्या, मला नंतर कळलं की शहरातल्या शहरात येतात.

खोली साधी. एक मोठी खिडकी, बाहेर गल्ली. भिंतीवर थोडी चित्रं, त्यात एक जुन्या कॅलेंडरमधून कापलेलं, एका अतिशय कृश बाईचं, कपाळावर आठ्या, गालाची हाडं वर आलेली, मानेच्या शिरा ताणलेल्या. आज्जी खुर्चीवर बसली आणि तिची नजर तिकडंच गेली. "मास्तर, ही बाई आजारी हाय का वो?"

सर थांबले आणि म्हणाले, मावशी तुम्ही बरोबर ओळखलंत. मग सांगितलं, ही ड्यूरर नावाच्या जर्मन चित्रकाराची आई, त्यानं कोळशानं काढलीय १५१४ साली, मार्च महिन्यात, आणि दोन महिन्यात ती गेली. अठरा बाळंतपणं झाली होती. चित्रावरच त्यानं आपल्या हातानं लिहून ठेवलंय, ही आल्ब्रेख्त ड्यूररची आई, वय ६३, आणि ती गेल्यावर त्यानंच परत शाईनं तिच्या मृत्यूची तारीख लिहिली. मूळ चित्र बर्लिनमध्ये आहे. आज्जी त्या चित्राकडं बघतच राहिली. ६३ म्हणजे तिच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. म्हणाली, "बरं झालं पोरानं काढून ठिवलं."

त्यानंतर तिनं एकदाही सुरकुत्यांचा विषय काढला नाही. मला वाटत होतं सरांना तिला समजावावं लागेल, पण ते चित्रानंच केलं.

आता कामाबद्दल. मी चित्रकलेच्या परीक्षा इंटरमिजिएट ग्रेडपर्यंत दिलेल्या आहेत म्हणजे चित्रकला अगदीच कळत नाही असं नाही, पण त्या चार तासात जे बघितलं ते कुठल्या क्लासमध्ये कुणी दाखवलं नव्हतं. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो कवळीचा. "मावशी, घरी कवळी घालून असता का काढून?" आज्जी लाजली, म्हणाली जेवताना घालते, पाहुणे आले की घालते, बाकी काढूनच. आम्ही अर्थातच घालून आणली होती. सर म्हणाले ठरवा, कवळी काढली की जबडा वर येतो, ओठ आत जातात, ओठाभोवतीच्या उभ्या घड्या दुप्पट होतात, नाकापासून हनुवटीपर्यंतचं अंतरच बदलतं, म्हणजे दोन वेगवेगळे चेहरे आहेत, मधला कुठला काढता येत नाही. आज्जीनं माझ्याकडं बघितलं. मी काहीच बोलले नाही कारण मला खरंच कळत नव्हतं काय बरोबर. तिनं कवळी काढली, पदरात गुंडाळली आणि बसली. मला जी आज्जी रोज दिसते ती हीच, हे तेव्हा लक्षात आलं.

दुसरी गोष्ट उजेडाची. तिथं टेबल लॅम्प होता, मी आपणहून म्हटलं की हा बाजूनं लावला तर सुरकुत्या चांगल्या दिसतील ना. ते म्हणाले दिसतील, पण आहेत त्यापेक्षा जास्त दिसतील. एकदम बाजूनं कडक उजेड टाकला की चिमूटभर घडीची सावली बोटभर पडते, आणि समोरून फ्लॅश मारला की असलेली घडी पण नाहीशी होते. त्यांनी खिडकीचा उजेड घेतला, थोडा वरून, थोडा डावीकडून, खिडकीला पातळ पांढरं कापड लावून.

याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. इन्स्टावर म्हाताऱ्या माणसांची जी पेन्सिल चित्रं फिरतात, लाखो लाइक वाली, त्यातली बरीच मला आता बघवत नाहीत. चेहरा म्हणजे भेगाळलेली जमीन करून ठेवतात. प्रत्येक सुरकुती टोकदार पेन्सिलनं काळी ओढायची, रंध्र न रंध्र कोरायचं, की लोक म्हणणार वा काय मेहनत. मेहनत असेल, पण ते माणूस तसं नसतं. वय पुसून टाकणं जितकं खोटं तितकंच वय वाढवून दाखवणं पण खोटं. माझ्या आज्जीचं कपाळ जवळजवळ सपाट आहे, ८१ व्या वर्षी पण, तिथं फक्त दोन बारीक रेषा. सगळं वय तिच्या डोळ्यांच्या कडांना आणि ओठांभोवती आहे. म्हाताऱ्या चेहऱ्याचा साचा डोक्यात ठेवून काढणारा तिच्या कपाळावर पण पाच आठ्या टाकून मोकळा झाला असता.

पहिला तासभर त्यांनी एकही सुरकुती काढली नाही. मी मनात म्हणत होते कधी काढणार. आधी डोक्याची कवटी, गालाचं हाड, जबडा, डोळ्यांच्या खाचा, सगळं एचबीनं अगदी फिकट. मग डोळे बारीक करून बघत मोठे मोठे छायाप्रकाशाचे भाग, कपाळाची बाजू, गालाखालचा खड्डा, मान. सुरकुत्या आल्या त्या सगळ्यात शेवटी. मी विचारलं तर आज्जीच्या पदराकडं बोट दाखवलं, की ही घडी काढताना तू रेघ मारतेस का? एक बाजू उजेडात, एक अंधारात, मधे करडं, आणि अगदी तळाशी जिथं कापड कापडाला चिकटतं तिथं तेवढाच काळा. सुरकुती तशीच. रेघ मारली की ती चेहऱ्यावर चिकटवल्यासारखी दिसते, घडी काढली की चेहऱ्यात बसते.

आणि खरंच, जवळून बघितलं तर चित्रात सुरकुतीची सलग रेघ अशी कुठंच नाहीये. सुरू होते, मधेच विरते, पुढं परत गडद होते. डोळ्याच्या कडेला ज्या चिमण्यांच्या पायासारख्या असतात त्यातली एक पण शेवटपर्यंत एकाच जाडीची नाही.

पेन्सिली अगदी कमी वापरतात. चेहऱ्यात टूएच (कडक, फिकट), एचबी (मधली) आणि टूबी (मऊ, गडद). सिक्सबी, म्हणजे अजून काळी, ती फक्त बुबुळाला, नाकपुडीला आणि कानामागच्या अंधाराला लावली. केस तर काढलेच नाहीत म्हटलं तरी चालेल, बाजूचं बॅकग्राउंड हलकं करडं केलं आणि कागदाचा पांढरा तसाच ठेवला. उजेडातल्या कडा नंतर काढल्या त्या मऊ रबरनं, तो कणकेसारखा मळता येतो तो, त्याला चिमटीत दाबून पातळ धार करायची आणि कागदावर नुसता टेकवून उचलायचा, घासायचा नाही. ओठाभोवतीच्या उभ्या घड्या अशाच आल्यात, काळ्या रेघांनी नाही, उचललेल्या उजेडानं. मला हे बघायला सगळ्यात जास्त आवडलं.

बोटानं घासून मऊ करणं त्यांना अजिबात मान्य नाही. एक तर बोटाचा तेलकटपणा कागदाला लागतो आणि नंतर तिथं पेन्सिल नीट बसत नाही, आणि दुसरं म्हणजे घासलं की कातडी प्लास्टिकसारखी होते. आज्जीचा गाल जवळून बघितला तर पिकलेल्या आंब्याच्या सालीसारखा आहे, मऊ पण बारीक चुण्या असलेला, तो त्यांनी टूएचनं आडव्या-तिरक्या फिकट रेषांचं जाळं करून आणलाय. हे फोटोत नीट येत नाही, प्रत्यक्षच बघावं लागतं.

बैठकीत वीस मिनिटं झाली की ब्रेक, चहा. दुसऱ्या अर्ध्या तासात आज्जी झोपली. मला वाटलं आता झालं, पण सर म्हणाले झोपू दे, मान काढून घेतो. जागी झाल्यावर तिला बोलतं ठेवलं, गुऱ्हाळावर किती वर्षं होता, कुठल्या बाजूला बसायचा. ती चुलवणासमोर जळण घालायला बसायची, पंधरा-वीस सीझन, धुरानं डोळे कायम बारीक. बोलताना ती अजून पण डोळे तसेच बारीक करते, डावा जास्त. सरांनी तोच डावा डोळा पकडलाय. आणि कानाची वरची पाळी, बुगड्या घालून घालून भोकं लांब झालेली, ती पण तशीच आहे, आज बुगड्या नाहीत तर रिकामी भोकं दिसतात. गोंदणाचे ठिपके तर त्यांनी जवळ येऊन बघितले, जुनं गोंदण काळं नसतं, कडा पसरून हिरवट-निळं होतं, म्हणून टूबीनं टिंब न देता एचबीनं मऊ कडेचा ठिपका दिला. हनुवटीवरच्या तीनपैकी एक घडीत अर्धा गेलाय तर चित्रात पण अर्धाच आहे.

चहा पिताना त्यांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. तरुणपणी ते एका फोटो स्टुडिओत रिटचिंगला होते. तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिलनं काम चालायचं, काच किंवा फिल्म उजेडासमोर धरायची आणि कडक पेन्सिलला सुईसारखं टोक करून बारीक ठिपके देत जायचं. चेहऱ्यावरची सावली निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसते, ती पेन्सिलनं भरली की छापताना तिथून उजेड कमी जातो आणि ती जागा फिकी येते. म्हणजे सुरकुती गेली. लग्नाचे, देवघरात लावायचे, वारलेल्या माणसाचे, सगळे फोटो असेच. "दहा वर्षं मी पेन्सिलनं लोकांच्या सुरकुत्या घालवल्या," म्हणाले. "कुठली सुरकुती कुठं असते हे त्यातच शिकलो."

मला आधी वाटायचं चेहरे गुळगुळीत करणं हे फोन आल्यापासूनचं. आपल्या भिंतीवरच्या जुन्या फोटोतली माणसं इतकी एकसारखी का दिसतात ते आत्ता कळलं.

तक्रारी पण लिहिते. पंधरा दिवसात देतो म्हणाले आणि सत्तावीस दिवस लागले, कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी हातात आलं, तोपर्यंत माझा जीव टांगणीला. फोन उचलत नाहीत, रात्री नऊनंतर स्वतः करतात. हात काढत नाहीत या किमतीत, मला आज्जीचे हात पाहिजे होते, त्याचे वेगळे पैसे आणि अजून एक बैठक म्हणाले, ते राहिलंच. आणि पदर मला थोडा घाईत केल्यासारखा वाटतो, चेहऱ्याला जेवढा वेळ दिला त्याच्या दहावा हिस्सा पण तिकडं नाही. ते मुद्दाम तसं ठेवतात असं त्यांचं म्हणणं, मला पटलं नाही अजून.

कागद चांगला, जाड, थोडा खरबरीत, अ‍ॅसिड-फ्री. ग्राफाइट फिकं पडत नाही पण साधा कागद त्यातल्या अ‍ॅसिडनं पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून हे विचारून घ्याच कुणाकडूनही काढलंत तरी. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मधे माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा, नाहीतर ग्राफाइट काचेला लागतं आणि पावसाळ्यात दमटपणा अडकून बुरशी धरते. आमच्या फ्रेमवाल्यानं पहिल्यांदा माउंट न घालताच बसवली होती, परत उघडायला लावली.

कार्यक्रमात आत्या चित्रासमोर बराच वेळ उभी होती. मला वाटलं आता ऐकावं लागणार. तर म्हणाली, "कवळी काढून बसली होती काय गं ही?" आणि डोळे पुसले. लोकांचं म्हणाल तर काहींना आवडलं नाही, एका मामांनी तोंडावर सांगितलं की फार म्हातारी काढलीय, चांगल्या प्रसंगाला असं नको. त्यांचं मत त्यांच्यापाशी. ज्यांनी तिला रोज बघितलंय त्यातल्या एकालाही ती म्हातारी वाटली नाही, त्यांना ती आज्जी वाटली. आज्जीनं स्वतः आधी गोंदणावर बोट ठेवून ठिपके मोजले, मग खाली कोपऱ्यात सरांनी पेन्सिलनं "वय ८१" लिहिलंय ते वाचायला लावलं, आणि म्हणाली, बरोबर हाय.

मला ते इतकं पटलं की मी आजोबांचं पण काढून घ्यायचं ठरवलं. आजोबांचा एकच मोठा फोटो आहे, स्टुडिओतला, फेटा बांधलेला, ते १९९४ साली गेले. सरांचा फोटोवरून न करण्याचा नियम माहीत होता पण म्हटलं माणूसच नाही तर काय करणार, विचारून तर बघू. फोटो फ्रेममधून काढून मी सरांकडं घेऊन गेले. त्यांनी भिंग लावून खिडकीपाशी बराच वेळ बघितला आणि परत दिला. कपाळ रिटच केलेलं आहे, डोळ्याखालचं पण, म्हणाले, काम चांगलं आहे, पण याच्याखाली काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि मी अंदाजानं सुरकुत्या घातल्या तर त्या तुझ्या आजोबांच्या नसतील. पैसे वाढवून देते म्हटलं तरी नाही म्हणाले.

घरी आल्यावर फोटो परत फ्रेममध्ये घातला आणि आज्जीला सांगितलं. ती फोटोसमोर गेली, काचेवर बोट ठेवलं, दोन भुवयांच्या मधे, "हितं दोन उभ्या होत्या, एक मोठी एक बारकी," आणि नाकाच्या उजव्या बाजूनं बोट खाली ओढत आणलं, "आन् ही, हसलं की हनुवटीपतोर जायची." काचेवर बोटाचा ओलसर माग राहिला होता थोडा वेळ. मी फोनमध्ये त्याचा फोटो काढायला गेले तोवर तो वाळला.